पाच वॅटची तक्रार

मोरा बंदर, उरण
२१ फेब्रुवारी २०११

श्री. कमलाकर कर्णिक,
सचिव, हौशी रेडिओ मंडळ, पनवेल

स. न. वि. वि.

मी किशोरी गणू नाखवा. राहणार मोरा कोळीवाडा, नोकरी जासईच्या कंटेनर यार्डात. गेल्या वर्षी सरकारी परीक्षा देऊन मी हौशी रेडिओचं लायसन्स घेतलं. तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

डिसेंबरच्या अखिल भारतीय स्पर्धेत चोवीस तासांत जमतील तितक्या स्टेशनांशी बोलायचं आणि प्रत्येकाची कॉलसाइन, म्हणजे सरकारने दिलेलं ओळख-नाव, नि त्याने सांगितलेला नंबर लॉगमध्ये उतरवायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार? मंडळाच्या नेऱ्याला असलेल्या पनवेल स्टेशनवर एकतीस वर्षं तुम्हीच त्या खुर्चीत बसता. माझा सेट पाच वॅटचा, घरी जोडलेला. तार बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर ताणलेली. तरी त्रेसष्ट स्टेशनांनी मला उत्तर देऊन लॉगमध्ये घेतलं. रत्नागिरीने घेतलं, नाशिकने घेतलं, कोचीच्या एका म्हाताऱ्याने तर दुसऱ्या हाकेला घेतलं. पनवेलला मी एकोणीस वेळा हाक मारली. उत्तर नाही. एकदा तर तुम्ही माझ्या हाकेनंतर "कोणी आहे का?" असं विचारून, कोणीच नाही म्हणून पुढे गेलात.

मी रुसून लिहीत नाहीये. मंडळाचा नियम आहे की स्पर्धेच्या गर्दीत ज्याने क्लब स्टेशन गाठलं, त्याच्याच गावाचं नाव वादळ-यादीत येतं, आणि वादळात त्याच गावांशी रेडिओवर निरोप चालतात. मला मोरा त्या यादीत हवा आहे. २००९च्या नोव्हेंबरातल्या वादळात माझा भाऊ प्रितेश सात जणांबरोबर बोटीवर होता. टॉवर पडले, फोन गेले. दोन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही. बोट दिघीच्या खाडीत सुखरूप उभी होती, आणि दिघीच्या तुमच्या सभासदाने तो निरोप पहिल्याच दिवशी पनवेलला दिलाही होता. पनवेलहून तो मोऱ्याला सांगणार कोणाला? इथे रेडिओच नव्हता. आता आहे. पण तुम्ही तो ऐकत नाही.

तुम्हाला चार वेळा फोन केला. चारही वेळा "लेखी कळवा" म्हणून तुम्ही ठेवून दिलात. घ्या, कळवलं.

आपली,
किशोरी नाखवा

*

पनवेल
१ मार्च २०११

कु. किशोरी नाखवा यांस,

आपलं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. बाकी पत्राबद्दल असं म्हणता येणार नाही.

पाच वॅट! आमच्या देवघरातला झिरोचा बल्ब याहून जास्त खातो. तरी मी पाच वॅटला नावं ठेवणार नाही. कमजोर सेटवरून जग गाठणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांना हाक मारता येत होती. आपण "एकोणीस वेळा" हे मोठ्या अभिमानाने लिहिता. अहो, एकोणीस वेळा हाक मारावी लागली, यातच आपली परीक्षा झाली. मासळी बाजारात गिऱ्हाईक बोलावल्यासारखं ओरडून रेडिओ चालत नाही.

फुकट सल्ला देतो, जमला तर घ्या. आधी दहा मिनिटं तोंड बंद ठेवून नुसतं ऐकायचं. समोरचा किती वेगाने माणसं घेतो, कुठे श्वास घेतो, ते टिपायचं. त्याचं बोलणं संपलं की लगेच, एकदाच, फक्त स्वतःची पूर्ण कॉलसाइन सांगायची. त्याची कॉलसाइन त्याला परत ऐकवायची नाही, ती त्याला बारशापासून पाठ आहे. मग गप्प. त्याने दुसऱ्याला घेतलं तर त्या दोघांचं आटपेपर्यंत चकार शब्द नाही. त्याला आपली अर्धीच कॉलसाइन मिळाली असेल तर राहिलेला अर्धाच भाग द्यायचा, आजीची गोष्ट नव्हे. माइकवर ओरडलं की आवाज मोठा होत नाही, फाटतो. आणि सिग्नल चढतो-उतरतो, तेव्हा चढतीची वाट पाहायची. आजकालच्या मुलांना वाट पाहणं हा अपमान वाटतो.

राहता राहिली आपली तक्रार. लॉगमध्ये नाव नाही म्हणजे संपर्क झाला नाही. मंडळ भावनांची नोंद ठेवत नाही. पुढच्या डिसेंबरात पुन्हा प्रयत्न करावा.

कमलाकर कर्णिक
सचिव

ता. क. फोन करू नये. मी क्लबचं काम फोनवर करत नाही.

*

मोरा
१४ मार्च २०११

श्री. कर्णिक यांस,

तुमचा फुकट सल्ला वाचला. मी हे सगळं केलं होतं. स्पर्धेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, तुमच्या पत्राशेजारी ठेवून पुन्हा ऐकलं. एकोणीस हाका, प्रत्येक वेळी एकदाच, तुमचं बोलणं संपल्यावर, न ओरडता. दुपारी दोन वाजता, सगळे जेवायला गेलेले असताना, तुमच्याकडे रांगच नव्हती. तेव्हाही नाही.

आणि मासळी बाजाराचं म्हणाल तर माझी आई भीमाबाई उरणच्या बाजारात सव्वीस वर्षं बसते. ती ओरडत नाही. गिऱ्हाईक शेजारणीच्या पाटीवरून नजर काढतं, तेवढ्या क्षणाला ती एक शब्द बोलते. तुम्ही दीड पान खर्चून जे शिकवलंत ते मी तिच्या मांडीवर बसून शिकले. तुम्ही कधी बाजारात मासळी घ्यायला उतरला असाल असं वाटत नाही. घरी आयती ताटात येत असणार.

मला राग आला म्हणून मी आणखी एक काम केलं. स्पर्धेत भाग घेतलेल्या सगळ्यांचे लॉग आयोजकांनी इंटरनेटवर टाकलेत. यार्डातले गेटपास काढून झाले की मी रोज तासभर बसायचे. डिसेंबरच्या स्पर्धेत अकरा बायका होत्या. नागपूरच्या दमयंतीबाईंचा सेट चारशे वॅटचा आहे, त्यांना झिरोचा बल्ब म्हणून दाखवा. बेळगावच्या अरुंधतीबाई वीस वर्षं रेडिओवर आहेत. त्या दोघींना अख्ख्या देशाने घेतलं. पनवेलच्या लॉगमध्ये दोनशे अठरा पुरुष आहेत. बायका किती? एकही नाही.

अकरातली एकही नाही, कर्णिकसाहेब. अकराच्या अकरा जणींना हाक मारता येत नाही का? की बायका तुमच्या लॉगमध्ये बसत नाहीत? जे असेल ते सरळ लिहा. तसा नियम असेल तर फलकावर लावा, म्हणजे आम्ही आमची बॅटरी तरी वाचवू.

किशोरी नाखवा

*

पनवेल
२४ मार्च २०११

किशोरी,

इतके दिवस "आपण" म्हणत होतो. आता पुरे.

सरळ उत्तर हवंय ना तुला? घे. हो. बायकांचा आवाज रेडिओवर चालत नाही. पातळ असतो, कमजोर सिग्नलवर तर नुसती शिट्टी राहते, अर्थ राहत नाही. स्पर्धेत मला एका मिनिटाला तीन स्टेशनं घ्यायची असतात. शिट्टीचा अर्थ लावत बसलो तर मागची रांग निघून जाते. माझी पद्धत ही अशी आहे. आवडली नसेल तर सभेत ठराव मांड. तिथे बसलेले सगळे माझ्याकडेच शिकले आहेत, एवढं लक्षात ठेव.

आणि लोकांचे लॉग चाळत बसण्यापेक्षा आपली तार नीट बांध. बोंबलांच्या बांबूंवर म्हणे! वास सुटत असेल लहरींना.

मोरा यादीत येणार नाही. हा विषय माझ्याकडून संपला.

क. कर्णिक

*

(याच पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)

किशोरीस आशीर्वाद.

मी कुमुद कर्णिक. पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं आणि मी ते उघडून वाचलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

बाळ, हा माणूस कसाही असेल. उद्धट आहे, हेकट आहे, आमटीत मीठ कमी पडलं तर दोन दिवस ऐकवतो. पण बायकांना कमी लेखणारा नाही. त्र्याऐंशी साली मोर्सचे कट्ट-कडकट्ट मला ह्यांनीच शिकवले, परीक्षेला स्वतः घेऊन गेले. बेळगावच्या अरुंधतीचं पहिलं स्टेशन ह्यांनी पदरचं सामान देऊन उभं केलं. तिला घेणार नाहीत? खोटं लिहिलंय सगळं.

खरं काय ते सांगते. दोन वर्षं झाली, ह्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. दारावरची बेल ऐकू येत नाही. टीव्हीवर बातम्या देणारी बाई पुटपुटते आणि बुवा तेवढा नीट बोलतो, असं ह्यांचं म्हणणं. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर मान वर होत नाही. मला वाटायचं मुद्दाम करतात. भांडले, अबोले धरले. तुझं अकरा बायकांचं वाचलं आणि हातातला चहा गार झाला गं. बाईचा आवाज आता पोचतच नाही त्यांच्यापर्यंत.

बायकांचा वैरी म्हणवून घेतील, पण बहिरा म्हणवून घेणार नाहीत. मी बोलले तर घर डोक्यावर घेतील. तू बघ काय करता येतं ते.

कुमुदकाकू

*

मोरा
१८ एप्रिल २०११

कमलाकरकाका,

काका म्हणतेय. रागावलात तरी म्हणणार.

माझे बाबा, गणू नाखवा, तीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी उभे राहिले. आता घरात बसून म्हणतात, "सगली पुटपुटतान. कोन नीट बोलत नाय." आईने हाक मारली तर ढिम्म. प्रितेश बोलला, त्याचा आवाज घोगरा, तर लगेच वळून बघतात. मी हे रोज जेवताना बघते, आणि तरी मला अकरा बायकांचा अर्थ लागला नाही. तुमच्यापेक्षा मीच मोठी मूर्ख.

तुमचं पत्र आल्यावर मी एक प्रयोग केला. रविवारी सकाळी नऊला मंडळाची रेडिओवर हजेरी असते. १० तारखेला मी तुमच्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्यावर नेमकी बसून, तुम्ही शिकवलंत तशी हाक मारली. तीनदा. काही नाही. काल १७ तारखेला तशीच हाक मारली, फक्त सेटचा आकडा केसभर बाजूला सरकवून. तसं केलं की ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा आवाज जाड होऊन ऐकू येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा आवाज सर्दी झालेल्या बाप्यासारखा झाला असणार. तुम्ही पहिल्या हाकेला घेतलंत. काय म्हणालात ते मी रेकॉर्ड केलंय: "वा! एकदाच हाक, नेमक्या वेळी, ओरडाआरडा नाही. शाब्बास मुला. आमच्या सभासदांनी शिकावं याच्याकडून."

मुला! सेट तोच, तार तीच, बोंबील तेच.

काका, तुमच्या कानांचं मला वाईट वाटतं. खोटं नाही, बाबांकडे बघून रोज वाटतं. पण त्याहून जास्त राग येतो. वादळ येतं तेव्हा आमचे पुरुष कुठे असतात? समुद्रावर. किनाऱ्यावर राहतात त्या बायका. पुढच्या वादळात मोऱ्याहून, करंज्याहून, कुठूनही जी हाक येईल ती बाईच मारणार. आणि पनवेलच्या खुर्चीत तुम्ही बसलेले असणार. सगळीकडे शांत आहे, कोणी बोलावत नाही, असं तुम्ही वर कळवाल. तेही अगदी खात्रीने, कारण एकतीस वर्षांत तुमचं कधी चुकलेलं नाही.

खुर्ची सोडा, काका. मी मंडळाला एक अक्षर लिहिणार नाही. लिहायचं तर तुम्हीच.

किशोरी

*

पनवेल
३० जून २०११

किशोरी,

तुझं पत्र मी वाचलं आणि फाडलं. कुमुदने तुकडे गोळा करून चिकटपट्टी लावली आणि संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पुन्हा फाडलं. पुन्हा चिकटवलं. आता त्या कागदावर तुझ्या अक्षरापेक्षा चिकटपट्टी जास्त आहे.

मे महिना मी कोणाशी बोललो नाही. कुमुदने पाकीट उघडलं हे कळल्यावर तिच्याशी तर मुळीच नाही. फितूर बाई.

मग तिने मला कान तपासायला नेलं. नेलं म्हणजे रिक्षात घातलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. तपासणारी मुलगी म्हणाली, आवाज आला की दाबा. मी सावरून बसलो. अशा खोल्यांत माझं आयुष्य गेलंय, मला काय शिकवते. बसलो, बसलो. म्हटलं, ही मुलगी सुरू कधी करणार? आजकाल कोणाला वेळेची किंमत नाही. तेवढ्यात ती दार उघडून आत आली आणि माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, झालं. संपलं."

बटण मी पाचच वेळा दाबलं होतं.

किशोरी, मला लाज वाटली. रिक्षात बसून रडलो. त्या रिक्षावाल्याने आरसा माझ्यावरून फिरवला, तेवढी अक्कल त्याला होती.

आता कबूल करायचं तर सगळंच करतो, नाहीतर तू लॉग चाळून काढशीलच. मला दीड वर्ष माहीत होतं. सेटचा सूर मी खाली खाली घेत होतो, आवाज वाढवत होतो. फोनवर अर्धं कळायचं नाही म्हणून "लेखी कळवा". जे मला ऐकू येत नव्हतं, त्यांना बोलताच येत नाही, असं मी ठरवून टाकलं. तुला पाच वॅटवरून हिणवलं. त्या अरुंधतीने दोनदा पत्र लिहून विचारलं, दादा, काही चुकलं का माझं? तिला मी उत्तर दिलं नाही. बायकांचा आवाज शिट्टी असतो, हे वाक्य खोटं आहे हे ठाऊक असून लिहिलं. बहिरा म्हणून लोकांची दया घेण्यापेक्षा तुझ्या शिव्या खाणं मला बरं वाटलं.

कानात घालायचं यंत्र दिलंय. शेंगदाण्याएवढं. घातलं की शेजारच्या घरातली भांडी माझ्या डोक्यात पडतात आणि माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. कोणा दीडशहाण्याने बनवलंय कोणास ठाऊक.

मंडळाला आजच्या सभेत कळवलं आहे. पुढच्या स्पर्धेत खुर्चीत तू बसशील. सचिवपदही तुझ्या गळ्यात मारलं आहे. कोणी विरोध केला नाही, उलट दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मी पाहिला. पाहिला, ऐकला नाही.

एकच अट आहे. कमजोर स्टेशन आलं की अंदाजाने कॉलसाइन लिहायची नाही. दांडग्या सिग्नलवाल्यांना गप्प करायचं, राहिलेलं अक्षर विचारायचं, दहादा विचारावं लागलं तरी पूर्ण घेतल्याशिवाय सोडायचं नाही.

कमलाकर कर्णिक

*

मोरा
११ ऑगस्ट २०११

काका,

अट मान्य. ती तुम्ही स्वतः पाळली असती तर आपली ओळख व्हायला पोस्टाची तिकिटं लागली नसती, पण जाऊ दे.

आता एक पंचाईत झालीय. मी नेऱ्याला खुर्चीत बसले, तर मोऱ्याच्या सेटवर कोण? प्रितेश समुद्रावर. बाबा तुमच्याच जातकुळीतले, कानांच्या बाबतीत. आईला सव्वा मैलावरून कुजबुज ऐकू येते, पण तिच्याकडे लायसन्स नाही. नियम अजून तोच आहे, मोरा यादीत यायचा तर डिसेंबरात मोऱ्याहून कोणीतरी पाच वॅटवर पनवेल गाठायला हवं.

लायसन्स आहे, चाळीस वर्षांचा अनुभव आहे, आणि हल्ली रविवारी घरात बसून बायकोला छळतो, असा एक माणूस माझ्या माहितीत आहे. हाक मारायला कान कमी लागतात. ऐकायचं काम आई करेल, ऐकायला लायसन्स लागत नाही.

बोंबलांचा वास सहन होणार असेल तर या. नाहीतर पनवेलला बसून शेंगदाण्याला शिव्या घालत राहा.

किशोरी

*

मोरा बंदर, उरण
१९ डिसेंबर २०११

श्रीमती किशोरी नाखवा,
सचिव, हौशी रेडिओ मंडळ, पनवेल

स. न. वि. वि.

तक्रार अर्ज.

काल, रविवारी, स्पर्धेत मी मोरा येथून पनवेल स्टेशनला पाच वेळा हाक मारली. पैकी चार वेळा आपण मला घेतलं नाही. एवढंच नव्हे, तर तिसऱ्या हाकेनंतर आपण सबंध देशाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मोऱ्याहून जे कोणी ओरडतंय, त्यांनी आधी ऐकावं, मग बोलावं." हे शब्द मला भीमाबाईंनी सांगितले, आणि सांगताना त्या हसत होत्या. एकतीस वर्षांत कोणी माझा असा पाणउतारा केला नव्हता.

घडलं ते असं. ओट्यावर सेट मांडला. हेडफोन भीमाबाईंच्या कानाला, माइक माझ्या हातात. शेजारी आपले तीर्थरूप खाटेवर बसून मला सूचना देत होते, त्या मला ऐकू येत नव्हत्या, आणि मी त्यांना गप्प बसायला सांगत होतो, ते त्यांना ऐकू येत नव्हतं. पहिल्या हाकेला मी अधीर झालो. दुसऱ्या हाकेला तू कोणा सांगलीवाल्याला घेत असताना मी मध्ये बोललो. तिसऱ्या हाकेला ओरडलो, चौथ्याला तुझीच कॉलसाइन तुला दोनदा ऐकवली. ज्या चुकांवर मी तुला दीड पान लिहिलं त्या सगळ्या मी ओळीने केल्या. ऐकू येत नसलं की माणूस किती घाईला येतो, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तुझ्या आईने माझं मनगट धरलं. सरळ धरलं, विचारलं नाही. बोटांना मासळीची खवलं लागलेली. म्हणाली, अगदी कानाशी येऊन, "थांबा वो जरा. कनाला घाई करताव? ती अजून दुसऱ्याशी बोलतंय." मी बटण दाबायला गेलो की ती मनगट आवळायची. असा किती वेळ गेला असेल देव जाणे. मला काहीही ऐकू येत नव्हतं. खाडीवर होड्या दिसत होत्या, आवाज कशाचाच नव्हता. आणि एकदम तिने हात सोडला.

मी एकदाच कॉलसाइन सांगितली. गप्प बसलो.

तिने डोळे मिटले, दोन्ही हातांनी हेडफोन दाबला, आणि शेवटचं अक्षर माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तुझा नंबर एकेक आकडा करून मला सांगितला आणि मी तो लिहिला. लिहून वर पाहिलं तर ती पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "घेतलंन गो माज्या पोरीनं. मोरा घेतलंन." तुझ्या बापाला काहीच कळलं नव्हतं, तरी तो रडत होता. मी रडलो नाही. खाऱ्या वाऱ्याने माझे डोळे नेहमीच चुरचुरतात.

तरी पहिल्या चार हाकांचा लेखी खुलासा व्हावा, ही विनंती.

आपला,
कमलाकर कर्णिक

*

पनवेल
२६ डिसेंबर २०११

श्री. कमलाकर कर्णिक यांस,

आपला अर्ज मिळाला. पहिल्या चार हाका लॉगमध्ये नाहीत. लॉगमध्ये नाव नाही म्हणजे संपर्क झाला नाही. मंडळ भावनांची नोंद ठेवत नाही.

पाचवी हाक आहे. तुमचा सिग्नल इतका बारीक होता की मी चौदा दांडग्यांना गप्प बसवलं, हे आईने सांगितलं नसेल, सांगते. शेवटच्या अक्षरासाठी तुम्हाला दोनदा विचारलं. अंदाजाने लिहिलं नाही. त्याच्या पुढची नोंद बेळगावच्या अरुंधतीबाईंची आहे. त्यांनी विचारलं, दादा कुठे आहेत? मी म्हटलं, मोऱ्याला. त्या म्हणाल्या, मग त्यांना म्हणावं, आता तरी पत्राचं उत्तर लिहा. लिहा.

कालच्या सभेत वादळ-यादी नवी केली. मोरा, उरण: बोलणार कमलाकर कर्णिक, ऐकणार भीमाबाई गणू नाखवा. तुमच्या सगळ्या शिष्यांनी हात वर केले.

दर रविवारी नऊच्या हजेरीला मोऱ्याहून तुमची हाक आली पाहिजे. उशीर चालणार नाही. कुमुदकाकूंनाही आणा, आईने जवळा निवडून ठेवलाय.

बाबा रोज विचारतात, "यो बहिरा म्हातारा परत कवा येनार हाय?"

किशोरी